व्यायच्या आधी कॅल्शियम द्यायचं का? तिसऱ्या वेताच्या गाईचं खाणं

प्रश्न : प्रवराकाठ, ता. संगमनेर

नमस्कार. आमच्याकडे सहा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. त्यांतली चंद्री सगळ्यात दुधाची, मागच्या वेताला दोन्ही वेळचं मिळून 22 लिटरपर्यंत गेली होती. आता तिसऱ्यांदा विणार आहे. 12 फेब्रुवारीला भरवली, म्हणजे 280 दिवसांनी 19 नोव्हेंबर येतो. 20 सप्टेंबरला आटवली. शेवटची धार काढल्यावर डॉक्टरांनी चारही सडांत औषधाच्या नळ्या सोडल्या, कास आता मऊ आहे, कुठे गाठ नाही.

मागच्या वेळी व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसली ती उठेना. मान वळवून पोटावर टेकवलेली, कान गार, नाक कोरडं, शेण बंद. डॉक्टर रात्रीचे आले, शिरेतून कॅल्शियम लावलं, थोड्या वेळानं तिनं शेण टाकलं आणि उठून उभी राहिली. झारही (वार) वेळेत पडला नव्हता. गाय वाचली, पण दुधावर यायला फार दिवस गेले आणि नंतर माजावरही उशिरा आली. यंदा तिला तो त्रास पुन्हा होऊ नये एवढंच मला हवंय.

आता सल्ले असे : पेंडीच्या दुकानात सांगतात की आजपासून रोज 100 मिली लिक्विड कॅल्शियम पाजा. शेजारचे म्हणतात, आटलेल्या गाईला पेंड कशाला, नुसता चारा टाका, नाहीतर वासरू मोठं होऊन अडेल. सासूबाई म्हणतात, आधी काही करू नको, विल्यावर बाजरी शिजवून गूळ घालून दे आणि बांबूचा पाला घाल.

सध्या तिला मिळतं ते असं : सकाळी 12-15 किलो हिरवा घास (लसूणघास, आमचा स्वतःचा दहा गुंठे आहे), मक्याचा मुरघास 10 किलो, कडबा कुट्टी 3 किलो, गोळी पेंड 1 किलो, खनिज मिश्रण 50 ग्रॅम. दुभत्या गाईंच्या पेंडीत खायचा सोडा मिसळतो, गव्हाण एकच असल्यामुळे तोही तिला जातो. यात काय बदलायचं? कुणी अनुभवानं सांगेल का?

उत्तर : गोठा, करवीर

आमच्याकडे शेवटचा महिनाभर लिक्विड कॅल्शियम सुरूच असतं, आजवर एकही गाय बसली नाही. द्या बिनधास्त. कॅल्शियम कमी पडून बसली होती ना, मग आधीच भरून ठेवलेलं बरं.

उत्तर : निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, ता. फलटण

ताई, तुम्ही तारखा लिहून ठेवल्यात, किती काय घालता तेही सांगितलंत, म्हणून नेमकं बोलता येतं. पहिली गोष्ट : व्यायच्या आधी कॅल्शियम पाजू नका. करवीरच्या भाऊंचा हेतू चांगला आहे, आणि हाच सल्ला मी गावोगाव ऐकला आहे. पण मागच्या वेताला दुग्धज्वर (विल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटून गाय बसते तो आजार, तुमच्या गाईला झाला तोच) झालेल्या गाईला तो उलटा पडतो. का, ते नीट सांगतो, कारण कारण कळलं की दुकानात कुणी काही म्हणालं तरी तुम्ही ठाम राहाल.

पाचशे किलोच्या गाईच्या रक्तात एका वेळी जेमतेम 3 ग्रॅम कॅल्शियम फिरत असतं. चिकाच्या एका लिटरातून दोन ग्रॅमांहून जास्त कॅल्शियम बाहेर जातं. म्हणजे पहिल्या दिवशी दहा लिटर चीक निघाला तर वीस ग्रॅमच्या वर गेलं, रक्तात होतं त्याच्या सहा-सातपट. ते भरून यायचं हाडांतून आणि आतड्यांतून. हाडांत कॅल्शियम किलोंनी आहे, तुटवडा कधीच नसतो. पण कोठाराला कुलूप असतं आणि ते उघडायचं काम गळ्यातल्या पॅराथायरॉईड नावाच्या बारीक ग्रंथी आणि ड जीवनसत्त्व मिळून करतात. शेवटचे तीन आठवडे तोंडावाटे गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम येत राहिलं तर या ग्रंथींना कामच पडत नाही. मग गाय विते, कासेकडे एकदम ओढ लागते, आणि ही यंत्रणा पुरती कामाला लागायला दोनएक दिवस जातात. गाय बसते ती नेमकी त्याच दोन दिवसांत. तुमची दुसऱ्या दिवशी बसली, तेही यातच बसतं.

आता तुमच्या गव्हाणीकडे या. पेंडीच्या दुकानापेक्षा मला तुमच्या घासाची जास्त काळजी वाटते. घास दुभत्या गाईला सोन्यासारखा, त्याबद्दल वाद नाही. पण 12-15 किलो ओल्या घासातून 30-40 ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि पालाशही (पोटॅशियम) भरपूर. पालाश आणि सोडा या दोन्हींनी रक्त अल्कधर्मी बाजूला झुकतं, आणि तसं झालं की हाडं त्या ग्रंथींचं ऐकत नाहीत. म्हणून दुग्धज्वराला नुसतं कॅल्शियमच नाही तर पालाश आणि सोडाही कारण होतात. शेणस्लरी सोडलेल्या हत्ती गवताचंही तसंच.

तेव्हा चंद्रीची गव्हाण वेगळी करा, आजच. जागा नसेल तर दावं लांब बांधा आणि टोपलीत वेगळं द्या. घास पूर्ण बंद करायचा, सोडा बंद, मीठ जेमतेम. नेहमीच्या खनिज मिश्रणात कॅल्शियम असतं, तेव्हा तेही शेवटचे तीन आठवडे थांबवून गाभण गाईसाठीचं मिश्रण आणायचं. घासाच्या जागी मुरघास 12 किलोपर्यंत न्या आणि कडबा कुट्टी 5 किलोपर्यंत. मॅग्नेशियम मात्र कमी पडता कामा नये, त्याशिवाय त्या ग्रंथी नीट चालत नाहीत. गाभण गाईच्या चांगल्या मिश्रणात ते असतंच, पिशवीवर वाचून घ्या.

शेजाऱ्यांचं म्हणणं : पेंड बंद केल्यानं वासरू लहान होत नाही, गाय मात्र वाळते. वासराची वाढ सगळ्यात जास्त शेवटच्या दोन महिन्यांतच होते, पेंड कमी पडली तर ते आईच्या अंगावरून ओढून घेतं. आणि दुसरं असं की व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत गाईचं खाणं आपोआप कमी होतं. पोटात जागा उरत नाही, शरीरातले बदलही कारण असतात. शेवटच्या आठवड्यात तर ती नेहमीच्या दोन तृतीयांशच खाते असं धरून चाला. म्हणजे खाणं कमी आणि गरज जास्त. म्हणून त्या दिवसांत जे पोटात जाईल त्यात दम हवा. गोळी पेंड आता दोन किलो करा, आणि शेवटच्या तीन आठवड्यांत हळूहळू तीन किलोपर्यंत न्या. याचा आणखी एक फायदा : पोटातले जंतू पेंडीला सरावतात, मग विल्यावर पेंड वाढवताना पोट बिघडत नाही.

तुमच्या डॉक्टरांशी ॲनायोनिक क्षारांबद्दल बोला. अमोनियम क्लोराईड, मॅग्नेशियम सल्फेट असे क्षार त्यात असतात. व्यायच्या आधीचे तीन आठवडे दिले की रक्त किंचित आम्लाकडे झुकतं आणि हाडांतून कॅल्शियम सुटायला लागतं. चवीला कडू असतात, म्हणून पेंडीत थोड्या गुळाच्या पाण्यासोबत मिसळून द्यावे लागतात. काम होतंय का हे बघायला मेडिकलमधून पीएचची पट्टी आणा. गाईच्या लघवीचा पीएच एरवी आठच्या आसपास असतो, तो सहा ते सातच्या मधे आला की प्रमाण बरोबर आहे. सहाच्या खाली गेला तर प्रमाण कमी करा, नाहीतर ती खाणंच सोडेल. आणि गाय व्याली की त्याच दिवशी बंद. घास चालू ठेवून हे क्षार दिले तर पैसे वाया जातात, हे लक्षात असू द्या.

झार अडकल्याचं सांगितलंत. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमचं इंजेक्शन व्यायच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टर देतात, त्याबद्दल विचारा. कॅल्शियम कमी झालं की गर्भाशयाची ताकदही कमी होते, म्हणजे तुमची दोन्ही दुखणी एकाच मुळाची असू शकतात. व्यायल्यावर बारा तासांत झार पडला नाही तर डॉक्टरांना कळवा. पण कुणालाही हात घालून ओढू देऊ नका, आणि खाली दगड-वीट बांधू देऊ नका. मी अशा ओढलेल्या झारामुळे गर्भाशय सडलेल्या, पुन्हा कधीच गाभण न राहिलेल्या गाई पाहिल्या आहेत. त्या गाई बाजारात जाताना बघवत नाही.

व्यायल्यावर कॅल्शियम जरूर द्या. तेव्हा त्याची वेळ असते. ती उभी असताना, गिळत असताना, कॅल्शियमचं एक जेल लगेच आणि दुसरं बारा ते चोवीस तासांनी. पण बसलेल्या, मान टाकलेल्या गाईला तोंडातून काहीही पाजू नका, ते श्वासनळीत जातं. त्या वेळी डॉक्टरच हवेत. शिरेतून कॅल्शियम स्वतः कुणी लावू नये, भरभर गेलं तर हृदय थांबतं. डॉक्टर भेटले नाहीत तर 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन करता येतो.

प्रवराकाठ

दादा, फार उपयोगी. घासाचं कुणीच सांगितलं नव्हतं, उलट गाभण गाईला घास चांगला म्हणून तिला जास्तीच टाकत होतो. आज दुपारीच तिला बाहेरच्या कडुनिंबाखाली वेगळी बांधली, टोपलीत मुरघास आणि कुट्टी दिली.

दोन अडचणी आहेत. कडबा यंदा महाग आहे आणि नोव्हेंबरात ऊसतोड सुरू झाली की उसाचं वाढं (शेंड्याकडचा हिरवा पाला) फुकट मिळतं, आमच्याकडे सगळे तेच टाकतात. ते चालेल का? आणि सासूबाईंच्या बाजरीचं काय? त्यांनी आयुष्यभर गाई सांभाळल्या आहेत, त्यांचं मन मोडायचं नाही.

उत्तर : दूधवाली, ता. इंदापूर

ताई, मी एक वेगळी गोष्ट सांगते, कारण सगळ्यांचं लक्ष व्यायच्या दिवसावर असतं आणि त्यानंतरचा महिना राहून जातो.

आमच्या गोठ्यातली एक गाय सुखरूप व्याली, झार पडला, दुधाला जोरात लागली. साधारण तीन आठवड्यांनी तिनं पेंडीला तोंड लावणं सोडलं. कडबा खायची, पेंड नाही. दूध झपाट्यानं उतरलं, पाठीचा कणा दिसायला लागला. तिच्या तोंडाजवळ गेलं की गोडसर, सडक्या फळासारखा वास. डॉक्टरांनी लघवी तपासून किटोसिस म्हणून सांगितलं. दूध भरपूर आणि पोटात जाणारं कमी, मग ती अंगावरची चरबी जाळते आणि त्यातून हा विकार होतो. शिरेतून ग्लुकोज दिलं, पुढे काही दिवस प्रॉपिलीन ग्लायकॉल पाजलं, सावरली.

डॉक्टरांनी एक दाखवून दिलं ते मी आता प्रत्येक गाईचं बघते. गाय आटवताना तिच्या शेवटच्या बरगड्यांवरून हात फिरवायचा. थोड्या दाबानं बरगडी लागली पाहिजे. शेपटीच्या बुडाशी चरबीच्या गाद्या झाल्या असतील तर ती जास्त लठ्ठ आहे. एक ते पाच या मोजणीत तीन ते साडेतीन चांगलं. लठ्ठ गाय विल्यावर खाणं जास्त सोडते आणि तिलाच किटोसिस जास्त होतो. पण आटलेल्या काळात बारीक करायला जाऊ नका, उपाशी ठेवलं की तोच विकार व्यायच्या आधीच सुरू होतो. लठ्ठपणा आवरायचा तो दुधावर असताना, शेवटच्या महिन्यांत.

विल्यावर पेंड एकदम वाढवायची नाही. लोक दुसऱ्याच दिवशी पाटी भरून ठेवतात. रोज अर्धा किलोनं वाढवत दोन-तीन आठवड्यांत पूर्ण प्रमाणावर यायचं. अडीच लिटर दुधाला एक किलो, शिवाय अंगासाठी एक-दीड किलो, एवढं धरायचं आणि ते तीन-चार वेळा विभागून द्यायचं. शेणाकडे बघत राहायचं. पातळ, आंबूस, बुडबुड्यांचं शेण पडलं की एक पाऊल मागे यायचं. तुमची आवडती घासाची पेंढी विल्यावर पुन्हा सुरू करा, सोडाही. तेव्हा तिला दोन्ही हवं असतं.

आणि पाणी! व्यायल्या व्यायल्या कोमट पाण्यात गूळ आणि चिमूटभर मीठ घालून बादली पुढे ठेवा. पोटातलं मोठं ओझं गेलेलं असतं, ती बादलीवर बादली पिते. किती पिते ते प्यायला द्या.

उत्तर : निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, ता. फलटण

इंदापूरच्या ताईंनी जे लिहिलं त्यात मला काही घालायचं नाही.

वाढ्याबद्दल. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला बांधून शेणातून बाहेर काढतं. कुणी म्हणेल, मग व्यायच्या आधी चांगलंच की, कॅल्शियम कमीच द्यायचंय. तसं करू नका. वाढ्यात पोषण फार कमी, आणि शेवटच्या आठवड्यात जेव्हा ती एरवीच कमी खाते तेव्हा पोट वाढ्यानं भरून ठेवलं तर किटोसिसला आमंत्रण. शिवाय विल्यावरही तेच चालू राहिलं तर जेव्हा कॅल्शियम हवं तेव्हाच ते वाया जातं. वाढं घालायचंच असेल तर चार-पाच किलोंच्या पुढे नको, कुट्टी करून, मुरघासात मिसळून. चुन्याच्या निवळीचं पाणी वाढ्यावर शिंपडायची पद्धत आहे, ती दुभत्या गाईंसाठी ठीक, पण चंद्रीला विईपर्यंत तसं वाढं नको, चुना म्हणजे कॅल्शियमच. कडबा महाग असेल तर गव्हाचं काड किंवा सोयाबीनचं भुसकट थोडं मिसळा, पण निम्मा तरी कडबा ठेवा. एका गाईचा महिन्याभराचा प्रश्न आहे, दुग्धज्वराच्या एका रात्रीपेक्षा तो कडबा स्वस्त पडतो.

सासूबाईंना सांगा, बाजरी जरूर द्या. किलोभर बाजरी मऊ शिजवून, पाव किलो गूळ घालून, कोमट, पहिले दोन-तीन दिवस. गाईला त्यातून लगेच ताकद मिळते आणि ती आवडीनं खाते. फक्त मोठं पातेलं एका वेळी नको. एवढं धान्य एकदम पोटात गेलं तर आंबतं, गाय खाणं सोडते. बांबूचा पाला मूठ-दोन मुठी घातला तर नुकसान नाही. मात्र पाला घातलाय म्हणून बारा तासांनंतर झार पडायची वाट बघत बसायचं नाही, फोन करायचाच.

उत्तर : गोठा, करवीर

दादा, एक विचारतो. आमच्या गोठ्यात कॅल्शियम देऊनही काही झालं नाही ते कसं मग? आमच्या सगळ्या पहिलारू आणि दुसऱ्या वेताच्या आहेत, त्यामुळे असेल का?

उत्तर : निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, ता. फलटण

अगदी त्यामुळेच. पहिलारूची हाडं अजून वाढत असतात, त्यांतून कॅल्शियम सहज सुटतं आणि दूधही कमी असतं. म्हणून पहिलारूला दुग्धज्वर क्वचितच होतो. तिसऱ्या वेतापासून धोका वाढत जातो आणि एकदा झालेल्या गाईला पुन्हा होण्याची भीती जास्त. तुमच्याच गाई पुढे जातील तेव्हा हाच प्रश्न दारात येईल, आत्ताच सवय बदला. आणि कुणाकडे जर्सी असेल तर त्यांनी अजून जपावं, त्या जातीत हे प्रमाण एचएफपेक्षा जास्त आहे.

प्रवराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं, बाजरीचं ऐकून त्या खूश झाल्या आणि पातेलं लहान घेते म्हणाल्या. डॉक्टरांशी फोनवर बोलले, ते परवा येऊन ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमचं इंजेक्शन देणार आहेत, क्षारांची पिशवीही त्यांच्याकडूनच घेते.

शेवटचं विचारते. तीन आठवडे म्हणजे 29 ऑक्टोबरपासून सुरू करू का? आणि चीक किती काढायचा, मागच्या वेळी एकानं सांगितलं होतं की कास पूर्ण रिकामी करू नका.

उत्तर : निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, ता. फलटण

29 नको, 24-25 पासून सुरू करा. 280 हा सरासरीचा आकडा आहे, गाय पाच-सात दिवस आधी विऊ शकते आणि जुळी असतील तर आणखी आधी. क्षार किमान दोन आठवडे पोटात गेले तरच उपयोग. कास तटतटली, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडले आणि सोट (चिकट स्राव) लोंबायला लागला की रात्री गोठ्यात एक चक्कर वाढवा.

चिकाबद्दल : वासराचा वाटा आधी काढा. 35 किलोच्या वासराला दिवसभरात साडेतीन लिटर, त्यातला निम्मा तरी पहिल्या दोन तासांत. चिकातली रोगप्रतिकाराची द्रव्यं वासराच्या आतड्यातून रक्तात जायची वाट चोवीस तासांत बंद होते, आणि पहिल्या काही तासांतच ती सगळ्यात जास्त उघडी असते. झार पडायची वाट बघत चीक थांबवू नका. तिला आधी दुग्धज्वर झालाय म्हणून पहिले दोन दिवस वासराला लागेल तेवढा आणि वर थोडा, कास हलकी होईल इतकाच काढा. तिसऱ्या दिवसापासून पूर्ण. खरवसाला चीक मागायला शेजारचे येतील, त्यांना तिसऱ्या दिवशी या म्हणावं.